परवाना बदलताना: वाचनालयाच्या सॉफ्टवेअरच्या चौदा महिन्यांच्या नोंदी

आमचं सॉफ्टवेअर लहान सार्वजनिक वाचनालयांसाठी आहे. दाखल नोंदवही, देवघेव, सभासदांची अनामत, मुदत उलटलेल्या पुस्तकांची आठवण करून देणारे एसएमएस, एवढंच त्याचं काम. वापरणारी बहुतेक ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली वाचनालयं, जिथे एकच ग्रंथपाल आणि एकच जुना संगणक असतो. आजवर तेवीस जणांनी यात कोड लिहिला, सगळ्यांनी आपापली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून. स्वतःच्या प्रकल्पाचा परवाना, म्हणजे कोड कुणी कसा वापरावा याच्या अटी, बदलायला निघालेल्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवतोय. हा वकिली सल्ला नाही.

२३ मार्च २०२४, शनिवार

बुधवारी, म्हणजे २० तारखेला, रेडिसने (माहिती झटपट ठेवणारं-देणारं डेटाबेस सॉफ्टवेअर) परवाना बदलला. २००९ पासून बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली असलेलं सॉफ्टवेअर ७.४ आवृत्तीपासून आरएसएएलव्ही२ किंवा एसएसपीएलव्ही१, या सेवा म्हणून विकणाऱ्यांवर अटी घालणाऱ्या परवान्यांपैकी एकाखाली घ्यावं लागणार. आमच्याकडे रेडिसकडे दोनच कामं आहेत: लॉगिन सांभाळणं आणि एसएमएसची रांग. रेडिसची सेवा आम्ही कुणाला विकत नाही, त्यामुळे नव्या अटींचा आम्हाला थेट फटका नाही. तरी आज आमच्या गटात दिवसभर याच विषयावर बोलणं झालं.

सगळ्यांना लागलं ते हे, की रेडिसचा कोड एकट्या कंपनीने लिहिलेला नाही. अॅमेझॉन, अलिबाबा, टेन्सेंट, एरिक्सन अशा ठिकाणच्या लोकांनी वर्षानुवर्षं त्यात भर घातली होती. २०१८ मध्ये काही जोड-मॉड्यूलांचे परवाने बदलले, तेव्हा गाभा बीएसडीच राहील असं कंपनीने सांगितलंही होतं. आता बदलताना कुणाला विचारावं लागलं नाही, कारण बीएसडी परवानाच तशी मुभा देतो: मूळ नोंद कायम ठेवा आणि पुढची आवृत्ती हव्या त्या अटींवर काढा.

रात्री वाशीमच्या आमच्या विद्यार्थी मित्राने विचारलं, “दादा, आपलं लायसन्स कोणतं?”

“एमआयटी.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा उद्या असंच करू शकता?”

हो, करू शकतो. एमआयटी आणि बीएसडी याबाबतीत सारखेच. मी असं कधी करणार नाही हे मला ठाऊक आहे, पण त्याला ते कशावरून ठाऊक असावं? झोप येईना, म्हणून ही वही उघडली.

२१ एप्रिल २०२४, रविवार

रेडिसच्या ७.२.४ वरून फुटलेली वॅल्की ही शाखा २८ मार्चला लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जाहीर झाली, परवाना बीएसडीच. एलजीपीएल या वेगळ्या खुल्या परवान्याची रेडिक्ट नावाची दुसरी शाखाही निघाली आहे. आम्ही वॅल्की घेतलं, कारण रेडिसवर आधी काम करणारे बरेच जण तिकडे गेले.

वॅल्की ७.२.५ मंगळवारी आलं, आज मुख्य सर्व्हरवर बसवलं. पोर्ट तोच ६३७९, डेटाची फाइल तीच, आमच्या कोडमध्ये एका ओळीचाही बदल नाही. चाळीस मिनिटांत काम झालं. चाचणीचा सर्व्हर राहिला, तो पुढच्या रविवारी करू.

१९ मे २०२४, रविवार

परवाना बदलायचा तर आधी कुणी काय लिहिलंय ते कळायला हवं, म्हणून आज गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) नोंद काढली. लिहिणाऱ्यांच्या यादीत, म्हणजे शॉर्टलॉगमध्ये, एकतीस नावं निघाली. एकाच माणसाचे तीन-तीन ईमेल, कुठे नाव देवनागरीत, कुठे रोमनमध्ये. मेलमॅप फाइल लिहून जुळवाजुळव केली तेव्हा तेवीस माणसं उरली. संध्याकाळ त्यात गेली.

मग मोठी चूक सापडली, आणि ती माझी आहे. पहिला कोड ऑगस्ट २०१६ चा. परवान्याची फाइल टाकली फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधली अडीच वर्षं प्रकल्पात परवानाच नव्हता. मी मात्र प्रत्येकाला “हे ओपन सोर्स आहे” असं सांगत होतो. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो सगळ्यांना वापरता येतो असं नाही. परवाना नसेल तर सर्व हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. २०१९ मध्ये मी एमआयटीची फाइल टाकली तीही कुणाला न विचारता.

त्या अडीच वर्षांत माझ्यासकट नऊ जणांनी कोड लिहिला. म्हणजे आठ जणांची संमती घ्यायलाच हवी, नाहीतर त्यांचा कोड काढून नव्याने लिहायला हवा. उरलेल्या चौदा जणांनी एमआयटीची फाइल असताना लिहिलं, त्यांचा कोड त्यांची नोंद ठेवून नव्या परवान्याच्या प्रकल्पात राहू शकतो. तरी विचारायचं सगळ्यांना.

जाता जाता आणखी एक सापडलं. पुस्तकांच्या लेबलांसाठी आम्ही लोहित देवनागरी हा फॉन्ट सोबत देतो. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी जोपासलेला हा फॉन्ट २०११ मध्ये जीपीएलवरून ओएफएल या खास फॉन्टांसाठीच्या परवान्यावर गेला. आमच्याकडे पडलेली प्रत त्याआधीची होती. नवी टाकली, पाच मिनिटांचं काम.

१६ जून २०२४, रविवार

पहिली बैठक. चौदा जण, दोन तास ठरले होते, सव्वातीन लागले.

परवाना बदलायचं कारण सगळ्यांना माहीत होतं. एका व्यावसायिकाने आमचं सॉफ्टवेअर घेतलं, रंग बदलला, आमची नावं पुसली आणि तो वाचनालयांकडून वर्षाचे पैसे घेतोय. पैसे घेण्याला एमआयटीची आडकाठी नाही, नावं पुसण्याला आहे. मनाला लागलं ते वेगळंच. त्याने देवघेवीच्या पडद्यावर शोध फार छान सुधारलाय, आणि तो आमच्या ग्रंथपालांना मिळत नाही.

पहिली सूचना आली: व्यापारी वापराला बंदी घाला. बहुतेकांनी माना डोलावल्या. तेव्हा वाशीमचा मित्र बोलला. “मी वाचनालयात जाऊन हे बसवून देतो, जुन्या नोंदवह्या भरून देतो. तीन हजार रुपये घेतो. तोही व्यापारच झाला ना? मग मी काय करायचं?” उत्तर कुणाकडेच नव्हतं. गावोगाव जाऊन हे बसवणारी अशी चार-पाच मुलं आहेत, आणि त्यांच्यामुळेच हे सॉफ्टवेअर गावात पोचतं. शिवाय वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करणारा परवाना ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. सूचना मागे पडली.

दुसरी सूचना जीपीएलची, म्हणजे प्रत देताना कोडही त्याच अटींवर खुला द्यायला लावणाऱ्या परवान्याची. पण जीपीएलची अट लागते ती प्रत दुसऱ्याला दिल्यावर. हा गृहस्थ प्रत कुणाला देतच नाही, स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो आणि वाचनालयं ब्राउझरमधून वापरतात. त्यासाठी एजीपीएल आहे. त्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते नेटवर्कवरून वापरायला दिलं, तर वापरणाऱ्यांना त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स कोड मिळण्याची सोय करावी लागते. पैसे घ्यायला मात्र पूर्ण मोकळीक.

इथे सातारा जिल्ह्यातल्या ग्रंथपाल ताईंनी विचारलं, “मग आमच्या सभासदांची यादीसुद्धा उघडी करायची का? पत्ते, फोन नंबर सगळं?” आम्ही लिहिणारे आधी गप्पच झालो, कारण हा प्रश्न आमच्या डोक्यातच आला नव्हता. नाही, परवाना कोडचा आहे, माहितीचा नाही. सभासदांची यादी, कोणी कोणतं पुस्तक नेलं, अनामत किती, यातलं काहीही कुणाला द्यावं लागत नाही. हे समजावण्यात पाऊण तास गेला आणि तो सत्कारणी लागला. ज्यांना वाचनालयांसाठी असं काही करायचंय त्यांनी हा खुलासा पहिल्या पानावर टाकावा. आम्ही टाकला.

७ जुलै २०२४, रविवार

एजीपीएलचा मसुदा मी पाठवला आणि सोबत एक करारही जोडला: यापुढे कोड देणाऱ्याने त्याचे हक्क माझ्याकडे द्यावेत. मोठे प्रकल्प करतात म्हणून केलं. पुढे पुन्हा परवाना बदलायची वेळ आली तर तेवीस जणांना शोधत फिरायला नको, हा हेतू.

कोल्हापूरच्या आमच्या जुन्या सहकारी ताईंचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी लिहिलं: एजीपीएल सगळ्यांवर बंधनकारक, पण सगळे हक्क ज्याच्या नावावर तो एकटा मोकळा. तुम्ही ते विकणार नाही याची मला खात्री आहे. पण तुमच्या पश्चात ते ज्याच्या हाती जातील त्याला मी ओळखत नाही.

ते वाचलं आणि मार्चमधला प्रश्न पुन्हा समोर आला. रेडिसच्या वेळी आम्हाला जे खटकलं होतं, तेच मी कागदावर मांडून पाठवलं होतं, फक्त हेतू चांगला होता. त्याच संध्याकाळी करार मागे घेतला.

त्याऐवजी लिनक्सच्या गाभ्यात २००४ पासून वापरात असलेली पद्धत घेतली. प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहायची. हा कोड माझा आहे, किंवा तो या परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे, एवढंच ती ओळ सांगते. हक्क ज्याचे त्याच्याकडेच राहतात. पुढे परवाना बदलणं अवघड होईल, आणि आम्हाला ते तसंच हवंय. तेवीस जणांकडे विभागलेली किल्ली कुणा एकाला विकता येत नाही. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं सार हेच आहे. एजीपीएल हे नाव त्यापुढे दुय्यम.

मग ‘आवृत्ती ३ किंवा त्यानंतरची’ असं म्हणायचं की फक्त ‘३’, यावरही वाद झाला. लिनक्सचा गाभा ‘फक्त जीपीएल २’ वर आहे, २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आली तरी हलला नाही. न पाहिलेल्या मजकुराला आज होकार का द्यायचा, हा मुद्दा खरा आहे. पण हक्क तेवीस ठिकाणी असताना उद्या मजकुरात दोष निघाला, तर दुरुस्तीची दुसरी वाट उरत नाही. ‘किंवा त्यानंतरची’ ठेवलं.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आजचा दिवस वाया गेला, तोही एप्रिलमध्ये ‘पुढच्या रविवारी’ म्हटल्यामुळे.

चाचणीच्या सर्व्हरवर रेडिसच होतं आणि डॉकरच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाच्या) फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिलेलं. जुलैअखेर रेडिस ७.४ आलं. ऑगस्टमध्ये सर्व्हर पुन्हा सुरू करताना इमेज (सॉफ्टवेअरची तयार प्रत) ताजी केली, तेव्हा ते आपोआप उतरलं. म्हणजे ज्या परवान्यापासून दूर जायचं म्हणत होतो, तोच नकळत घेऊन बसलो. आज वॅल्की लावायला गेलो तर ते सुरूच होईना: आरडीबी फाइलची (रेडिसच्या डेटाच्या फाइलची) आवृत्ती १२ वाचता येत नाही. वॅल्की ७.२ ला ११ पर्यंतच वाचता येते, ७.४ ने फाइल १२ मध्ये लिहून ठेवली होती.

दोन वाचनालयं याच सर्व्हरवर प्रत्यक्ष काम करून बघत होती, रांगेत १८६ एसएमएस होते, त्यामुळे पुसून टाकता येईना. आधी डम्प आणि रिस्टोर या आज्ञांनी एकेक की (डेटातली नोंद) हलवायचा प्रयत्न केला. तेही फसलं, कारण डम्पच्या मजकुरातही तोच आवृत्ती-क्रमांक असतो. शेवटी वॅल्की ६३८० वर उभं केलं आणि पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: स्कॅनने की शोधायच्या, प्रकारानुसार साध्या आज्ञांनी वाचायच्या, दुसरीकडे लिहायच्या, नोंदीची उरलेली मुदत पीटीटीएल या आज्ञेने घेऊन लावायची. सकाळी नऊला बसलो, रात्री साडेअकराला उठलो. एसएमएस सगळे शाबूत राहिले.

ज्याच्या परवान्यावर वाद चालू आहे, त्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक आजच लिहून पक्का करा.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

संमतीपत्रं पाठवली, आणि दहा दिवसांत ती सगळी पुन्हा पाठवावी लागली.

पहिल्या पत्रात एकच वाक्य होतं: नव्या परवान्याला माझी हरकत नाही. सहा जणांचे होकारही आले. मग एका वकील मॅडमना दाखवलं (फी चार हजार, वर्गणीतून दिली). त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १९ वर बोट ठेवलं. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ३० अ मुळे हे परवान्यांनाही लागू होतं. म्हणजे आमचे सहा होकार पाच वर्षांनी वादात सापडू शकले असते. मस्कतला आणि न्यू जर्सीला मराठी मंडळांची वाचनालयं हे सॉफ्टवेअर वापरतात, त्यांचा प्रश्न तर पहिल्याच दिवशी उभा राहिला असता.

दुसरं पत्र असं होतं, कुणालाही उचलता येईल:

“या प्रकल्पात मी आजवर लिहिलेल्या कोडचा, मजकुराचा आणि चाचण्यांचा प्रताधिकार माझ्याकडे आहे. हे सर्व लेखन जीएनयू अफेरो जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती ३ किंवा त्यानंतरची कोणतीही आवृत्ती, या परवान्याखाली देण्यास माझी संमती आहे. ही संमती प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि संपूर्ण जगासाठी आहे.”

पहिल्या सहा जणांना पुन्हा त्रास दिला. कुणी कुरकुर केली नाही.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आवश्यक आठांपैकी पाच जणांची पत्रं आली. उरलेल्या तिघांची तीन तऱ्हा.

एकाचा पत्ताच लागत नाही. ईमेल परत आला, फोन बंद. त्याच्या बारा ओळी होत्या, काढून नव्याने लिहिल्या.

दुसऱ्याने लगेच होकार दिला आणि मग त्यालाच आठवलं की लेबल छपाईचा भाग त्याने नोकरीच्या वेळात, नोकरीचा भाग म्हणून लिहिला होता. कलम १७ प्रमाणे अशा कामाचा मालक सहसा नोकरी देणारा. त्याने कंपनीला विचारलं. बरीच पत्रापत्री, शेवटी तोंडी ‘आमची हरकत नाही, पण लेखी काही देणार नाही’. तोंडी होकार घेऊन बसण्यात अर्थ नव्हता.

तो भाग नव्याने लिहायचा ठरला. जुना कोड ज्याने उघडलाही नाही अशा एकाने तो हाती घेतला. आम्ही त्याला फक्त लेबलांचे कागद, मोजपट्टीने घेतलेली मापं आणि ग्रंथपालांच्या तक्रारी दिल्या. अकरा संध्याकाळी लागल्या. नवा कोड जुन्यापेक्षा चांगला झाला, जोडाक्षरं आता लेबलाच्या कडेला कापली जात नाहीत.

तिसरे म्हणजे मिरजेचे काका. ते २०२१ मध्ये वारले.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

काल मिरजेला जाऊन आलो. काका निवृत्त ग्रंथपाल. वयाच्या पासष्टीनंतर पायथन शिकले आणि आमच्यासाठी त्यांनी एकच गोष्ट लिहिली, पण तिच्यावाचून हे सॉफ्टवेअर मराठी वाचनालयाचं झालं नसतं: अकारविल्हे यादी. संगणक शब्द युनिकोडने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांप्रमाणे लावतो. त्यात क्षीरसागर आडनाव ‘क’ मध्ये, कोल्हटकरांच्या पाठीमागे जाऊन बसतं, ज्ञानेश्वर ‘ज’ मध्ये, आणि ‘ळ’ ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. काकांच्या नोंदवहीत ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. त्यांनी ते तसंच करून दिलं, २०१७ मध्ये. म्हणजे परवाना नसलेल्या काळात.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून काकू, मुलगा आणि मस्कतची मुलगी, तिघांची संमती हवी. फोनवर मागता आली असती, पण बरं वाटलं नाही.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, “ह्यांचं नाव काढणार का तुम्ही?”

“नाही काकू. उलट आता ते काढता येऊ नये म्हणूनच हे चाललंय.”

त्या आत गेल्या आणि दोनशे पानी वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर निळ्या शाईत पूर्ण वर्णमाला, प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलने युनिकोडचा क्रमांक. ‘ऱ’ भोवती लाल वर्तुळ आणि समोर लिहिलेलं: ‘हा कुठे?’ पुढच्या दोन पानांवर ऱ्हास, कऱ्हाड, दऱ्या, तऱ्हा असे शब्द वेगवेगळ्या क्रमांनी तीनदा लावून पाहिलेले, आणि खाली तारखेसकट निर्णय: ‘र’ बरोबरच. कोडमध्ये ही एक ओळ आहे. तिच्यामागे तीन पानं होती हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं.

काकूंनी आणि मुलाने तिथेच सह्या केल्या. मुलीचं पत्र आज सकाळी ईमेलने आलं. जाण्या-येण्याचा खर्च सातशे चाळीस रुपये. वहीचे फोटो काकूंच्या परवानगीने प्रकल्पात ठेवतोय, चाचण्यांच्या शेजारी.

२६ जानेवारी २०२५, रविवार

एमआयटीच्या काळातल्या चौदा जणांपैकी अकरांचा होकार, दोघांचं उत्तर नाही, एकाचा नकार.

नकार देणारा आमच्यातला सगळ्यात मुरलेला माणूस. त्याचं म्हणणं असं: एजीपीएलचं नाव काढलं की कंपन्या आणि सरकारी कार्यालयं दार लावून घेतात. उद्या कानडी किंवा गुजराती वाचनालयांसाठी कुणाला यातला तुकडा उचलायचा असेल तर तो बिचकेल. मी जे लिहिलं ते कुणीही, कसंही वापरावं म्हणून लिहिलं, आणि एकाने गैरफायदा घेतला म्हणून मी माझा शब्द फिरवणार नाही.

काहींना वाटलं मतदान घ्यावं. मला ते पटलं नाही. ज्याचा हक्क त्याच्या नकारावर बहुमताने मात करता येत नाही, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. तोडगा त्यानेच सुचवला. शोधाच्या त्याच्या फायली एमआयटीच राहतील, वर त्याचं नाव आणि नोंद तशीच राहील, बाकी प्रकल्प एजीपीएल. एमआयटीचा कोड एजीपीएलमध्ये बसतो, कायद्याने अडचण नाही. ज्याला तुकडा उचलायचाय त्याने त्या फायली खुशाल उचलाव्यात. तो अजूनही आमच्याबरोबर काम करतोय, याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी २०११-१२ मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलवर जाताना दोनशेहून अधिक जणांची संमती गोळा केली होती. तेवीस जणांत आमचे दहा महिने गेल्यावर त्या आकड्याचं वजन कळतं.

१६ मार्च २०२५, रविवार

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर परवान्याची आणि नावांची ओळ टाकली. ‘रीयूज’ नावाचं साधन तपासून देतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ६४ फायली उघड्या निघाल्या, बहुतेक चित्रं आणि भाषांतराच्या फायली. चार संध्याकाळी.

पडद्याच्या तळाशी ‘सोर्स कोड मिळवा’ असा दुवा टाकला आणि त्यातही चुकलो. तो मुख्य शाखेकडे, म्हणजे सगळ्यात ताज्या कोडकडे, जात होता. सर्व्हरवर चालू असलेली आवृत्ती तीन आठवड्यांपूर्वीची, दुवा देतोय आजचा कोड. चालू असलेल्याच आवृत्तीचा कोड मिळायला हवा. आता बांधणीच्या वेळी कमिटचा (गिटमधल्या त्या बदलाचा) क्रमांक आत लिहिला जातो आणि दुवा तिथेच नेतो.

१ मे २०२५, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी साधून नवी आवृत्ती काढली. परवाना एजीपीएलव्ही३ किंवा त्यानंतरचा, शोधाच्या फायली एमआयटी, फॉन्ट ओएफएल.

रात्री बातमी आली की रेडिस ८ निघालं आणि त्यात एजीपीएलव्ही३ चा पर्यायही दिलाय. मूळ निर्माते साल्वातोरे सानफिलिप्पो डिसेंबरपासून तिथे परतले आहेत. गटात लगेच विचारणा झाली: आपण परत रेडिसवर जायचं का? परवाना आता ओपन सोर्स आहे, यात वाद नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. पण परवाना ठरवायचा अधिकार आजही एकाच कंपनीच्या हाती आहे. आम्ही वॅल्कीवरच राहतोय.

११ मे २०२५, रविवार

त्या व्यावसायिकाला पत्र पाठवलं: जुनी एमआयटी आवृत्ती जरूर वापरा, फक्त पुसलेली नावं परत लावा. नवी घेतलीत तर तुमची सुधारणा वाचनालयांना द्यावी लागेल. दिलेली एमआयटी प्रत परत घेता येत नाही आणि आम्हाला घ्यायचीही नाही. उत्तर अजून नाही.

साइन्ड-ऑफची ओळ असलेला नव्या आवृत्तीवरचा पहिला बदल वाशीमहून आला, अनामत परत करण्याच्या पावतीचा. साताऱ्याच्या ताईंनी कळवलंय की दुवा पाहून एका सभासदाने ‘सोर्स कोड म्हणजे काय’ असं विचारलं, तर सांगायला साधा मराठी मजकूर हवा. तो मी या आठवड्यात लिहितोय. ‘ऱ’ च्या चाचणीत कऱ्हाड आणि कराड दोन्ही रूपं घालायची राहिली आहेत.